ठाम वर्तन आणि त्याचे शिक्षण

असर्टिव्हनेस या संज्ञेसाठी मराठीत ठामपणा, आग्रहीपणा, आत्मप्रतिपादन असे निरनिराळे पर्याय योजले जातात. त्यांतील प्रत्येकातून मूळ अर्थाचा काही अंश निसटतो. आग्रहीपणात हट्टाची छटा आहे, तर आत्मप्रतिपादनात अहंतेची. याउलट, ज्या वृत्तीमुळे ठाम वर्तन अशक्य होते तिच्यासाठी मात्र मराठीत अगदी नेमका शब्द आहे : भीड. 'भीड भिकेची बहीण' या म्हणीत भिडेपायी मोजावी लागणारी किंमत सांगितली आहे; पण 'भीड चेपणे' आणि 'भीडमुर्वत न बाळगणे' हे प्रयोग निंदेच्या अर्थानेही योजले जातात. भीड घातक आणि भिडेचा पूर्ण अभावही अनुचित, हे दोन्ही भाषेने ओळखले आहे. या दोन टोकांमधील वर्तनाचे स्वरूप काय व ते शिकविता येते काय, हाच या विषयातील मूळ प्रश्न होय.

व्याख्या व उदाहरण

स्वतःचे मत, भावना, गरज वा हक्क स्पष्टपणे व प्रामाणिकपणे मांडणे, आणि तसे करताना दुसऱ्याच्या हक्कास बाध न आणणे, अशी ठाम वर्तनाची सर्वसाधारण व्याख्या करता येईल. व्याख्येचा पूर्वार्ध गळाला तर दबलेपणा उरतो. उत्तरार्ध गळाला तर आक्रमकता.

एखाद्या संशोधक विद्यार्थ्याने प्रबंधाचे तिसरे प्रकरण मार्गदर्शकांकडे दिले असून तीन महिने लोटले तरी अभिप्राय मिळालेला नाही, अशी कल्पना करावी. तो भेटीस जातो आणि 'सर, सवडीने पाहिलेत तरी चालेल' असे म्हणून परत येतो, ही भीड झाली. 'तुमच्यामुळे माझे वर्ष वाया जाणार' असे तो चारचौघांत सुनावतो, हे आक्रमण झाले. तिसरा मार्ग असा : 'सर, तिसरे प्रकरण आपल्याकडे देऊन तीन महिने झाले. माझी शिष्यवृत्ती मार्चअखेर संपते, त्यामुळे मला चिंता वाटते. येत्या पंधरवड्यात अभिप्राय मिळू शकेल का? शक्य नसल्यास तसे सांगावे, म्हणजे मला मुदतवाढीसाठी अर्ज करता येईल.'

या तिसऱ्या निवेदनात वस्तुस्थिती, तिचा परिणाम, निश्चित मागणी आणि पर्याय असे चार घटक आहेत. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, आदरार्थी संबोधनाला त्यात कोठेही धक्का लागलेला नाही. 'सर' व 'आपण' या शब्दांनी विधान दुबळे होत नाही. ते दुबळे होते 'जरा', 'तसं काही नाही, पण', 'जमलं तर' यांसारख्या पुष्ट्यांनी. मराठी भाषकास ठाम बोलणे शिकवायचे तर त्याच्या भाषेतील आदर नव्हे, तर ही माघार काढावयाची असते.

विचाराचा उगम

या विचाराची मुळे पाव्हलॉव्हच्या अभिसंधानविषयक संशोधनापर्यंत जातात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अँड्र्यू सॉल्टर याने १९४९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात उत्तेजन व अवरोधन या पाव्हलॉव्हच्या संकल्पना व्यक्तिमत्त्वास लावल्या. अतिरिक्त अवरोधन हे अनेक मनोविकारांचे मूळ असून भावना मोकळेपणाने व्यक्त करण्याच्या सरावाने ते दूर होते, असे त्याचे प्रतिपादन होते. दक्षिण आफ्रिकेतील मनोविकारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे याने १९५८ च्या आपल्या ग्रंथात या विचारास परस्पर-अवरोधनाच्या तत्त्वाची जोड दिली. चिंता निर्माण करणाऱ्या प्रसंगी चिंतेच्या विरोधी अशी प्रतिक्रिया घडवून आणता आली, तर प्रसंग आणि चिंता यांच्यातील बंध क्षीण होतो. अशा विरोधी प्रतिक्रियांमध्ये शिथिलीकरणाबरोबर त्याने ठाम प्रतिक्रियेचाही समावेश केला. म्हणजे मुळात ठाम वर्तन हे शिष्टाचाराचे अंग नसून चिंतेवरील उपचार होता.

वोल्पेचा सहकारी आर्नोल्ड लॅझरस याने १९७३ मध्ये या वर्तनाचे चार घटक सांगितले : नकार देता येणे; मागणी वा विनंती करता येणे; अनुकूल व प्रतिकूल भावना व्यक्त करता येणे; आणि संभाषण सुरू करणे, चालू ठेवणे व संपविणे. तिसऱ्या घटकातील 'अनुकूल' हा शब्द वाचकांच्या नजरेतून अनेकदा सुटतो; मनापासून प्रशंसा करणे हाही ठामपणाच होय. अल्बर्टी व एमन्स यांच्या १९७० च्या पुस्तकानंतर हा विषय रुग्णालयाबाहेर पडला आणि अमेरिकेतील स्त्री-चळवळीने त्या दशकात त्याचा उत्साहाने स्वीकार केला.

शिक्षणाची पद्धती

प्रशिक्षणाचे स्वरूप साधे आहे. प्रथम अवघड वाटणाऱ्या प्रसंगांची चढत्या क्रमाने यादी केली जाते. सर्वांत सोपा प्रसंग घेऊन प्रशिक्षक उचित वर्तनाचे प्रात्यक्षिक दाखवितो. शिकणारा त्याची रंगीत तालीम करतो. शब्द, स्वर, नजर व देहस्थिती यांविषयी त्यास अभिप्राय मिळतो. तालीम पुन्हा होते. आणि शेवटी प्रत्यक्ष जीवनात तो प्रसंग हाताळण्याचा स्वाध्याय दिला जातो. निर्धार कितीही पक्का असला तरी तो ऐनवेळी गळतो. सरावाने घडलेली प्रतिक्रिया मात्र टिकते, हे या पद्धतीचे गृहीतक आहे.

व्यवसायातील प्रश्न : पोर्टलंडचा अपघात

ठाम बोलणे हा केवळ वैयक्तिक समाधानाचा प्रश्न नव्हे, हे २८ डिसेंबर १९७८ रोजी अमेरिकेतील पोर्टलंड येथे दिसून आले. युनायटेड एअरलाइन्सच्या डीसी-८ विमानाच्या चाकांच्या यंत्रणेत बिघाडाची शंका आल्याने ते सुमारे तासभर विमानतळाजवळ घिरट्या घालीत राहिले. कॅप्टन तातडीच्या अवतरणाची तयारी करण्यात गुंतला होता. आणखी पंधरा मिनिटे थांबल्यास इंधन फारच कमी उरेल, असे फ्लाइट इंजिनियरने सांगितलेही होते. तथापि ते सांगणे माहितीच्या पातळीवरच राहिले. 'आता उतरलेच पाहिजे' असे निर्णायक रूप त्यास आले नाही. इंधन संपून विमान उपनगरात कोसळले आणि १८९ जणांपैकी १० जण मृत्यू पावले.

चौकशी मंडळाने इंधनाकडे व सहकाऱ्यांच्या सूचनांकडे कॅप्टनचे झालेले दुर्लक्ष हे प्रमुख कारण मानले. सहकाऱ्यांना धोक्याचे गांभीर्य पुरते न उमगणे किंवा आपली काळजी कॅप्टनपर्यंत परिणामकारकपणे न पोचविता येणे, हे पूरक कारण ठरविले. मंडळाची शिफारस दुपेडी होती : कॅप्टनला सहभागी व्यवस्थापनाचे, आणि इतरांना ठाम बोलण्याचे शिक्षण द्यावे. १९७९ साली नासाने भरविलेल्या परिषदेतून या दिशेस चालना मिळाली व १९८१ मध्ये युनायटेडने असे प्रशिक्षण सुरू केले. पुढे वैद्यकक्षेत्रानेही हा धडा घेतला. २००६ मध्ये अमेरिकेत प्रसृत झालेल्या टीमस्टेप्स या कार्यक्रमात परिचारिका वा कनिष्ठ डॉक्टर यांनी सुरक्षिततेविषयीची शंका किमान दोनदा स्पष्ट उच्चारावी, असा नियमच आहे.

मर्यादा

ठामपणाची मात्रा वाढली की लाभही त्याच प्रमाणात वाढतो, असे नाही. एम्स व फ्लिन यांच्या २००७ च्या अभ्यासात नेतृत्वाच्या मूल्यमापनाचा व ठामपणाचा संबंध वक्ररेषेचा आढळला. अल्प ठामपणा व अति ठामपणा हे दोन्ही दोष ठरले. उपचार म्हणून या प्रशिक्षणास भक्कम पुरावा असूनही ते विस्मृतीत गेले आहे, असे स्पीड, गोल्डस्टीन व गोल्डफ्राइड यांनी २०१८ मध्ये दाखवून दिले.

सर्वांत महत्त्वाची मर्यादा सत्तेची आहे. ज्या कृतीमुळे रुग्णास गंभीर शिक्षा भोगावी लागेल अशी ठाम कृती त्यास करावयास सांगू नये, हा इशारा वोल्पे व लॅझरस यांनी आरंभीच देऊन ठेवला होता. नोकरी जाण्याची भीती असलेल्या कनिष्ठास केवळ 'ठाम रहा' असा उपदेश करणे म्हणजे व्यवस्थेचा दोष त्याच्या स्वभावावर लादणे होय. पोर्टलंडनंतरच्या शिफारशीचे मर्म येथेच आहे. तिने बोलणाऱ्याबरोबर ऐकणाऱ्यासही विद्यार्थी केले. पूर्वोक्त उदाहरणातील विद्यार्थ्याचे निवेदन कितीही निर्दोष असले, तरी ते सफल होणे न होणे अखेर मार्गदर्शकांवरही अवलंबून राहते. ठाम बोलण्याचे शिक्षण ज्या संस्थेत द्यावयाचे, त्या संस्थेत ते ऐकून घेण्याचे शिक्षण वरिष्ठांपासून सुरू झाले पाहिजे.