घरकुलं हवीत, पण आमच्या शेजारी नकोत?

गरिबाला घर मिळालंच पाहिजे, असं आपण सगळ्याच म्हणतो. पण घरकुलांची जागा आपल्या वस्तीला लागून निघाली की आपला सूर बदलतो. पाणी पुरेल का? भांडणं वाढतील का? आपल्या जागेचा भाव पडेल का? आज आम्ही अशाच एका वादाची गोष्ट सांगणार आहोत. ती घडली अमेरिकेत, आणि तो वाद जवळजवळ तीस वर्षं चालला.

न्यू जर्सी राज्यात माउंट लॉरेल नावाचं गाव आहे. तिथे काही कृष्णवर्णीय कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहत होती. पुढे शहरातले लोक तिकडे बंगले बांधू लागले. जुन्या रहिवाशांची घरं मात्र मोडकळीला आली होती. काही जण तर कोंबड्यांच्या खुराड्यांची डागडुजी करून त्यांत राहत. एथेल लॉरेन्स ही त्यांच्यातलीच एक बाई. तिने आणि शेजाऱ्यांनी मिळून 36 स्वस्त घरांची योजना मांडली.

अडचण आली जमिनीच्या झोनची. आपल्याकडे शेती झोन, रहिवासी झोन असतात, तसेच तिथेही असतात. तिथला नियम असा, की मोठ्या प्लॉटवर एकच घर बांधायचं, एकाला एक लागून घरं बांधायची नाहीत. नियमात ‘गरीब’ हा शब्द कुठेच नव्हता, पण एवढा प्लॉट गरिबाला परवडणार कसा? तो नियमच कुंपण झाला. गावाच्या कारभाऱ्यांनी झोन बदलायला नकार दिला. ज्यांना इथे परवडत नाही त्यांनी गाव सोडावं, असं महापौरांनी चर्चमधल्या सभेत सांगितलं.

1971 मध्ये एथेल आणि इतरांनी कोर्टात दावा लावला. 1975 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की गावाने आपल्या वाट्याच्या गरजूंसाठी जागा ठेवलीच पाहिजे. गावाने नावापुरते गैरसोयीचे तुकडे दाखवले. 1983 मध्ये कोर्टाने पुन्हा ठणकावलं. 1994 मध्ये एथेल वारली. 1997 मध्ये परवानगीची सुनावणी झाली, तेव्हाही लोकांनी भीती बोलून दाखवली: गुन्हे वाढतील, कर वाढेल, घरांचे भाव पडतील. अखेर 140 घरं उभी राहिली आणि त्या वसाहतीला एथेलचंच नाव दिलं.

मग भीती खरी ठरली का? प्रिन्स्टन विद्यापीठाचे डग्लस मॅसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आजूबाजूच्या गावांशी तुलना करून पाहिलं. 2013 मध्ये त्यांचं पुस्तक आलं. वसाहतीमुळे ना गुन्हे वाढले, ना कर वाढला, ना घरांचे भाव पडले. उलट तिथल्या आयांना काम मिळणं सोपं झालं आणि मुलांना अभ्यासाला निवांत जागा मिळाली. हे आपोआप झालं नाही. घरं शेजारच्या घरांसारखीच नीटनेटकी बांधली होती आणि देखभालही चोख होती.

म्हणजे शंका विचारूच नयेत का? जरूर विचाराव्यात. पाणी कुठून येणार, सांडपाणी कुठे जाणार, शाळेत खोल्या पुरतील का, हे लेखी विचारा. या प्रश्नांना उत्तरं काढता येतात. पण ‘ती माणसं नकोत’ हा प्रश्नच नव्हे.

एक गोष्ट लक्षात ठेवा. आपल्याकडे विकास आराखड्यात बदल करताना सरकार ‘हरकती व सूचना’ मागवतं. हरकत घेणारे पोहोचतात. ज्यांना घर हवं असतं, त्या बाया मजुरीवर असतात. पाठिंब्याचा अर्जही देता येतो. पुढच्या महिला ग्रामसभेत घरकुलाचा विषय निघाला, तर आधी तिला बोलू द्या, जिच्या डोक्यावर छप्पर नाही.