एकवीस दिवस संगीताविना

प्रयोग म्हटला की परीक्षानळी, लोलक किंवा भिंग डोळ्यांसमोर येते. पण प्रयोग करणारा आणि ज्याच्यावर प्रयोग करायचा तो, हे दोघेही आपणच असलो तर? गेल्या फाल्गुनात मी असा एक प्रयोग केला. एकवीस दिवस संगीत ऐकायचे नाही, एवढाच तो प्रयोग.

कारण साधे होते. भंडाऱ्याहून तुमसरला एस.टी.ने जाता-येता आणि घरी पेपर तपासताना मिळून मी रोज तीन-चार तास इअरफोन लावून गाणी ऐकत असे. त्यांतली मन लावून किती ऐकली, असे कोणी विचारले असते तर मला सांगता आले नसते. मग गाणी बंद केली तर काय होते, ते पाहावे असे ठरविले.

प्रयोगाला नियम हवेत. स्वतः संगीत लावायचे नाही, हा पहिला. शेजारच्या लग्नातला धुमाल थांबविणे आपल्या हाती नाही. तो कानी पडला तर वहीत नोंदवायचा, हा दुसरा. इअरफोनकडे हात किती वेळा गेला आणि कोणते नवे आवाज ऐकू आले, हे रोज रात्री लिहायचे, हा तिसरा.

पहिल्या दिवशी हात अकरा वेळा गेला, आठव्या दिवशी दोनदा. याचे आश्चर्य वाटायला नको. मॉन्ट्रिअलच्या मॅकगिल विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये दाखवून दिले, की आवडत्या संगीताने अंगावर रोमांच उभे राहतात तेव्हा मेंदूत डोपामीन हे द्रव्य स्रवते. इतकेच नव्हे, तर तो क्षण येणार या अपेक्षेनेही ते स्रवते. म्हणजे माझा हात गाण्याकडे जात होता तो काही अंशी या अपेक्षेपोटी.

दुसऱ्या आठवड्यात अंगणातल्या पिंपळावरचा तांबट पक्षी ऐकू येऊ लागला. तो आधीही तेथेच असणार. आणि बाराव्या रात्री, पंखा बंद असताना, डाव्या कानात एक बारीक शिट्टी ऐकू आली. बाहेर असा कोणताही आवाज नव्हता.

मी घाबरलो, हे कबूल करतो. तशी शिट्टी म्हणजे रोगच, असे मात्र नाही. १९५३ मध्ये हेलर आणि बर्गमन या अमेरिकी संशोधकांनी चांगली श्रवणशक्ती असलेल्या ८० जणांना ध्वनिरोधक खोलीत बसविले, तेव्हा त्यांपैकी ९४ टक्के लोकांना कसला ना कसला आवाज ऐकू आला. तरीही मी कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. श्रवणालेखात डाव्या कानाची रेषा ४,००० हर्ट्‌झजवळ खाली गेली होती आणि पुढे ८,००० हर्ट्‌झला पुन्हा वर आली होती. वयोमानाने ऐकू येणे कमी होते तेव्हा सहसा सर्वांत उंच स्वर आधी जातात. मध्येच पडलेला असा खड्डा बहुधा मोठ्या आवाजाची खूण असतो.

हा खड्डा तेथेच का? आपली कर्णनलिका सुमारे २.५ सेंमी. लांब असून पडद्यापाशी बंद असते. एका टोकाशी बंद नळीचे सूत्र आठवा : तरंगलांबी लांबीच्या चौपट, म्हणजे १० सेंमी. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरला तर वारंवारता ३,४०० हर्ट्‌झ येते. या सुमाराचे आवाज अनुस्पंदनाने वाढूनच आत पोचतात आणि त्याहून किंचित उंच स्वर टिपणाऱ्या पेशींना प्रथम इजा होते. आंतरकर्णातील शंखाकृती नलिकेत अशा सुमारे १५,००० केशपेशी असतात. त्या मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत.

आपला भंडारा पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. धातूवर दिवसभर हातोडी चालविणाऱ्या तांबटांचे कान मंद होतात, हे इटलीतील वैद्य रामाझ्झिनी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभीच लिहून ठेवले. त्या कारागिरांना पोटासाठी तो आवाज सोसावा लागे. मी तो हौसेने कानात घालून घेत होतो. बसच्या घरघरीत गाणे बुडते, म्हणून आपण आवाज वाढवितो. २० डेसिबेल वाढविले, तर ध्वनीची तीव्रता शंभरपट होते! जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी ८० डेसिबेलचा आवाज आठवड्यात ४० तासांपर्यंत ऐकावा. मुलांसाठी ही मर्यादा ७५ डेसिबेल आहे. पुढे दर ३ डेसिबेलला वेळ निम्मा होतो. म्हणजे प्रौढांना ८९ डेसिबेलला आठवड्याचे पाचच तास उरतात.

आता या प्रयोगाने सिद्ध काय झाले? फारच थोडे. प्रयोग एकाच माणसावर झाला आणि त्याला सर्व आधीच ठाऊक होते. माझ्या कानाची इजा गाण्यानेच झाली, असेही मी म्हणू शकत नाही. एवढेच म्हणता येते, की शिट्टी होती आणि गाण्यांनी ती झाकून ठेवली होती.

बाविसाव्या दिवशी, घरात शांतता असताना, मी भीमपलास लावला. आवाज पूर्वीच्या निम्म्या खुणेवर ठेवूनही तानपुरा स्वच्छ ऐकू आला. बसमध्ये मात्र आता इअरफोन लावीत नाही.

तुम्हीही एक प्रयोग करा. शांत खोलीत गाणे स्पष्ट ऐकू येईल इतकाच आवाज ठेवा आणि खुणेचा आकडा लिहा. मग बसमध्ये तेच गाणे तितकेच स्पष्ट ऐकण्यासाठी आकडा कोठे न्यावा लागतो ते क्षणभर पाहा, नोंदवा आणि लगेच बंद करा. दोन आकड्यांतील फरक वर्गात सर्वांना दाखवा.