बालचित्रपट महोत्सव आणि बालकांची चित्रपटनिर्मिती

‘बालचित्रपट’ ही संज्ञा आपण सैलपणे वापरतो. प्रस्तुत उपघटकात तिचे तीन अर्थ वेगळे करू : बालकांविषयीचा, बालकांसाठीचा आणि बालकांनी निर्मिलेला चित्रपट.

‘फँड्री’ (२०१३) या चित्रपटाचा नायक किशोरवयीन आहे. तथापि त्यातील जातवास्तवाचा प्रश्न प्रामुख्याने प्रौढांना उद्देशून आहे. याउलट ‘एलिझाबेथ एकादशी’ (२०१४) हा चित्रपट पंढरपुरातील भावंडांची सायकल वाचवण्याची धडपड मुलांच्या नजरेतून मांडतो. त्यास सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला.

बालकांसाठीच्या चित्रपटांना १९५५ मध्ये स्थापन झालेल्या बालचित्रपट समितीने संस्थात्मक आधार दिला. १९७९ या आंतरराष्ट्रीय बालवर्षात समितीचा आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला. महोत्सवात मूल केवळ प्रेक्षक असते असे नाही. २०१४ मध्ये बर्लिन महोत्सवात ‘किल्ला’ या मराठी चित्रपटाला ‘क्रिस्टल बेअर’ हा पुरस्कार बालपरीक्षकांनीच दिला.

आता हा विचार बीड जिल्ह्याला लावून पाहू. समितीचा महोत्सव बहुधा १४ नोव्हेंबरला, म्हणजे बालदिनी, सुरू होत असे. नेमक्या याच सुमारास ऊसतोडणीचा हंगाम सुरू होतो आणि येथील असंख्य मुले आईवडिलांसोबत साखर कारखान्यांच्या परिसरात गेलेली असतात. तेव्हा महोत्सव कोणत्या महिन्यात आणि कोठे भरतो, यावर तो कोणत्या मुलांचा, हे ठरते. जिल्ह्याच्या ठिकाणच्या सभागृहाइतकाच तळावरील पडदाही म्हणूनच आवश्यक आहे.

तिसरा अर्थ याहून महत्त्वाचा. कथाबीज, पटकथा, दृश्यविभागणी, चित्रीकरण व संकलन हे टप्पे आज साध्या मोबाइलवरही मुलांना शिकवता येतात. पण पटकथा कोणत्या भाषेत लिहायची? या मुलांच्या बोलीत ‘कोयता’ म्हणजे केवळ हत्यार नव्हे, तर ऊस तोडणारे जोडपे. ‘कोपी’ म्हणजे तळावरचे घर. ‘उचल’ म्हणजे मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम. मार्गदर्शकाने हे शब्द ‘शुद्ध’ केले, तर शब्दांबरोबर अनुभवही पुसला जातो. कॅमेरा हाती आला तरी भाषा उसनीच राहिली, तर निर्मिती मुलांची ठरत नाही.

स्वयंअध्ययन : आपल्या परिसरातील एखाद्या मुलाकडून त्याच्या दिवसाचे वर्णन ऐका. त्याचे शब्द न बदलता पाच दृश्यांची पटकथा लिहा आणि ती त्यालाच वाचून दाखवा.