अंबाडीचे सरबत : रंग आणि झणका

पावसाळा सरून दिवस लहान होऊ लागले, की तांबडी अंबाडी फुलते. जळगाव-धुळ्याकडे अंबाडी म्हटले की भाकरीबरोबरची आंबट भाजी आधी आठवते. पण या झाडाच्या लालबुंद बोंडांचे सरबतही झकास होते. बोंडाला आपण ‘फूल’ म्हणतो, ते खरे म्हणजे फूल नव्हेच. फिकट पिवळ्या पाकळ्या लवकरच गळून जातात आणि फुलाखालची निदले फुगून मांसल होतात. सरबताला लागतात ती हीच. वेस्ट इंडिजमध्ये या निदलांत आले घालून केलेले ‘सॉरेल’ नाताळात पितात. इजिप्तमध्ये याच बोंडांच्या पेयाला ‘करकदे’ म्हणतात.

मूठभर वाळलेली निदले आणि ठेचलेले आले चार पेले पाण्यात उकळा, गाळा आणि गूळ घाला. मात्र थोडा काढा गुळाआधीच बाजूला काढून ठेवा.

हा काढा लाल का दिसतो? त्यातील अँथोसायनिन नावाची रंगद्रव्ये पांढऱ्या प्रकाशातील ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा भाग शोषून घेतात. लाल भाग आपल्या डोळ्यांपर्यंत पोचतो. काढ्याचा सामू सुमारे अडीच, म्हणजे जवळजवळ लिंबाच्या रसाइतका. आता त्यात चिमूट-चिमूट खायचा सोडा टाका. फेस येईल आणि रंग जांभळा, मग निळसर होत जाईल. आम्लता घटली, तशी रेणूची रचना बदलली आणि शोषण अधिक तरंगलांबीकडे सरकले. लिंबू पिळा, लाल रंग परत! (हा पेला अर्थातच प्यायचा नाही.) लिटमस संपला म्हणून प्रयोग अडवून ठेवणाऱ्या शाळांनी हे जरूर करून पाहावे.

खानदेशातल्या बऱ्याच विहिरींचे पाणी बेसाल्ट खडकातून झिरपून येते व त्यात बायकार्बोनेटे विरघळलेली असतात. एकच पातळ काढा पावसाच्या पाण्यात आणि विहिरीच्या पाण्यात करून रंग ताडून पाहा.

एक गोष्ट मात्र गमतीची नाही. एवढे आम्ल कल्हई उडालेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवले, तर तांबे सरबतात उतरते; त्याने मळमळ आणि उलट्या होतात. ॲल्युमिनियमही नको. काच किंवा स्टेनलेस स्टील घ्या.

आता आले. घोट घेताच घशात ऊब वाटते. पण त्याच पेल्यात तापमापी बुडवा. आले घातल्याने पारा काही वर चढत नाही. मग ही ऊब कुठली? आपल्या मज्जातंतूंवर एक ग्राही असतो. सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वर तो उघडतो आणि ‘भाजते आहे’ असा संदेश मेंदूकडे जातो. (मे महिन्यात जळगाव-भुसावळची हवाच तेवढी तापते!) मिरचीतील कॅप्सायसिननेही हाच ग्राही उघडतो, हे १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने दाखवले, २०२१ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. आल्यातील जिंजेरॉल हेच काम करते, पण बेताने. गारव्याने ग्राही मिटू लागतो, म्हणून तेच सरबत माठाजवळ गार करून प्यायलात, तर झणका कमी लागेल.