एकसमान यदृच्छ अंकांपासून प्रसामान्य संख्या

रायपूर जिल्ह्यातील भाताच्या उत्पन्नाचा अंदाज पीक कापणी प्रयोगांवरून बांधला जातो. निवडलेल्या शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून लांबी व रुंदी मोजतात, यदृच्छ अंकांच्या एका जोडीनुसार त्यात लहानसा चौकोन आखतात (भातासाठी तो बहुधा ५ मीटर लांब व ५ मीटर रुंद असतो) आणि त्यातील धान्य तोलतात. १९४० च्या दशकात भारतीय कृषी संशोधन परिषदेत ही पद्धती रुजविण्याचे श्रेय मुख्यतः पां. वा. सुखात्मे व वि. गो. पानसे यांच्याकडे जाते.

चौकोनाची जागा निवडताना प्रत्येक जागेला समान संधी हवी असते; म्हणून तेथे एकसमान वितरणाच्या संख्या पुरेशा होतात. परंतु किती प्रयोग केले असता अंदाज कितपत विश्वसनीय ठरेल, हे आधीच अजमावायचे असेल तर काल्पनिक उत्पन्ने निर्माण करून पाहावी लागतात. ही उत्पन्ने सरासरीभोवती दाट व दूरवर विरळ असावी लागतात. अशा वेळी प्रसामान्य वितरणाच्या संख्यांची गरज भासते. त्या एकसमान संख्यांपासून कशा मिळवाव्यात, हा प्रस्तुत प्रश्न होय.

सर्वांत सरळ मार्ग व्यस्त वाचनाचा आहे. ० व १ यांमधील यदृच्छ संख्येला प्रसामान्य वक्राखालील डावीकडचे क्षेत्रफळ मानावयाचे आणि कोष्टकावरून त्याच्याशी जुळणारे स्थान वाचावयाचे. ०·८४१३ या क्षेत्रफळास +१, तर ०·०२२८ यास −२ हे स्थान मिळते. टिपेट यांनी १९२७ मध्ये ४१,६०० यदृच्छ अंकांचे कोष्टक प्रसिद्ध केले होते. त्याचाच आधार घेऊन प्रशांतचंद्र महालनोबीस व त्यांचे सहकारी यांनी १९३४ मध्ये ‘संख्या’ या कलकत्त्याच्या नियतकालिकात प्रसामान्य समष्टीतील यदृच्छ नमुन्यांची कोष्टके प्रसिद्ध केली. तथापि व्यस्त वाचनासाठी साधे, बंदिस्त सूत्र नाही. त्यामुळे संगणकाच्या प्रारंभीच्या काळात अधिक सोप्या युक्त्या शोधल्या गेल्या.

त्यांपैकी एक युक्ती अशी : बारा एकसमान संख्यांची बेरीज करावयाची व तीतून ६ वजा करावयाचे. प्रत्येक संख्येचे प्रचरण १/१२ असल्याने बेरजेचे प्रचरण बरोबर १ होते, आणि मध्यवर्ती सीमा सिद्धांतानुसार वितरण प्रसामान्याच्या जवळ येते. वक्राच्या मध्यभागी हे साम्य फसवे वाटावे इतके चांगले असते. दोष असतो तो शेपटाकडे.

समजा, सरासरी उत्पन्न हेक्टरी २० क्विंटल व प्रमाण विचलन ४ क्विंटल आहे. खऱ्या प्रसामान्य वितरणात ८ क्विंटलांहून कमी उत्पन्न लाखात सुमारे १३५ वेळा यावयास हवे. बारा संख्यांच्या युक्तीने ते १०१ वेळाच येते. ४ क्विंटलांहून कमी उत्पन्न कोटीत सुमारे ३१७ वेळा अपेक्षित असता केवळ ८५ वेळा आढळते. म्हणजे दुष्काळाची वर्षे कागदावर आहेत त्याहून विरळ दिसतात. अशा गणितावर पीक विम्याचा हप्ता ठरविला, तर चूक नेमकी त्या वर्षी उघडी पडेल, ज्या वर्षी विम्याची खरी गरज असते.

१९५८ मध्ये बॉक्स व म्यूलर यांनी दिलेल्या रीतीत हा दोष नाही. दोन स्वतंत्र प्रसामान्य संख्या हे प्रतलातील एका बिंदूचे सहनिर्देशक मानले, तर त्या बिंदूची दिशा एकसमान असते व अंतराच्या वर्गाचे वितरण घातीय असते. या दोहोंचे व्यस्त वाचन सोपे आहे. पहिल्या यदृच्छ संख्येच्या नैसर्गिक लॉगरिथमास −२ ने गुणून वर्गमूळ घेतले की अंतर मिळते. दुसरीस ३६० अंशांनी गुणले की दिशा मिळते. संख्या ०·३० व ०·१५ असल्यास अंतर १·५५२ व कोन ५४ अंश येतो. अंतरास कोनाच्या कोज्येने व ज्येने गुणले असता ०·९१ व १·२६ या दोन प्रसामान्य संख्या मिळतात; वरील उदाहरणात त्यांचे अर्थ सुमारे २३·६ व २५·० क्विंटल असे होतात. पुढे १९६४ मध्ये मार्साग्लिया व ब्रे यांनी चौरसातील यदृच्छ बिंदूंपैकी वर्तुळाबाहेरचे बिंदू टाकून देऊन ज्या-कोज्यांचे गणितही वाचविले. त्यात सुमारे ७८·५ टक्के बिंदू उपयोगी पडतात.

रीत अचूक असली तरी मूळ स्रोताची मर्यादा टळत नाही. चार दशांश स्थळांच्या संख्या घेतल्या, तर व्यस्त वाचनाने ०·०००१ या सर्वांत लहान संख्येस −३·७२ हे स्थान मिळते. त्याखालील काहीही कधीच हाती येत नाही. स्रोतातील लागोपाठच्या संख्यांत छुपा संबंध असल्यास तोही उत्तरात उतरतो. विशिष्ट गुणाकारी स्रोतांतील लागोपाठच्या संख्या बॉक्स-म्यूलर रीतीत वापरल्या असता शेपटाचे वितरण बिघडते, हे नीव्ह यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले.

प्रत्यक्ष शेतांतील उत्पन्न सर्वत्र प्रसामान्य असतेच असे नाही, हेही विसरता कामा नये. परंतु ती कसोटी लावण्यापूर्वी निर्माण केलेल्या संख्या तरी खरोखर प्रसामान्य असाव्या लागतात. त्यांची सरासरी व प्रचरण तपासणे एवढ्यासाठी पुरेसे नाही. बारा संख्यांची बेरीज या दोन्ही परीक्षांत निर्दोष उतरते. तपासणी व्हावयास हवी ती वक्राच्या टोकांची.