टॉक्सोप्लाझ्मा: नाव एक, वाण अनेक!

मांजर पाळणाऱ्या गरोदर मैत्रिणीला डॉक्टर ज्याच्याबद्दल हमखास बजावतात, तो परजीवी म्हणजे टॉक्सोप्लाझ्मा. मांजराची विष्ठा, अर्धकच्चं मटण, न धुतलेला भाजीपाला, कुठूनही पोटात जातो. बहुतेकांना काहीच जाणवत नाही, काहींना थोडा ताप येतो. मग एवढं टेन्शन कशाला?

मला यात इंटरेस्ट आला तो सुरिनाममधल्या पाताम गावची केस वाचून. मारोनी नदीकाठच्या या गावात २००३-०४च्या डिसेंबर-जानेवारीत ११ जणांना संसर्ग झाला. प्रतिकारशक्ती ठणठणीत असलेले पाच प्रौढ गंभीर आजारी पडले, त्यातला एक गेला. एक नवजात बाळ आणि एक गर्भही वाचला नाही.

सापडलेला वाण नेहमीचा नव्हता. युरोप-उत्तर अमेरिकेत मुख्यतः तीनच वाण आढळतात, टाइप १, २ आणि ३. अ‍ॅमेझॉनच्या जंगलात मात्र जनुकांची नुसती खिचडी! या परजीवीचं लैंगिक प्रजनन फक्त मार्जारकुळातल्या प्राण्यांच्या आतड्यात होतं. आणि तिथे जग्वार, ओसेलॉट भरपूर.

ब्राझीलमध्ये जन्मतःच संसर्ग झालेल्या मुलांना डोळ्यांच्या गंभीर विकाराचा धोका युरोपातल्या मुलांच्या पाचपट निघाला. उंदरांत तर टाइप १चा एक परजीवीही जीव घेतो. (उंदरांवरून थेट माणसाचा अंदाज बांधू नका, बरं का!)

आपल्याकडच्या नेहमीच्या रक्ततपासणीत अँटिबॉडी दिसतात. अंगात नेमका कोणता वाण शिरलाय, ते रिपोर्टवर नसतं.