इक्थिओसिस व्हल्गॅरिस

इक्थिओसिस व्हल्गॅरिस हा त्वचा कोरडी, खरखरीत व खवलेदार करणारा आनुवंशिक विकार आहे. मासा या अर्थाच्या ‘इक्थिस’ या ग्रीक शब्दावरून त्यास हे नाव मिळाले. साधारणतः २५० व्यक्तींमागे एका व्यक्तीत तो आढळतो. हा विकार संसर्गजन्य नाही; तो अस्वच्छतेमुळेही होत नाही.

कारण

त्वचेच्या सर्वांत बाहेरील थरात फिलॅग्रिन हे प्रथिन असते. त्याच्या विघटनातून तयार होणारे घटक त्वचेत पाणी धरून ठेवतात. या प्रथिनाच्या जनुकातील उत्परिवर्तनांमुळे हा विकार होतो, हे २००६ मध्ये स्पष्ट झाले. जनुकाच्या एकाच प्रतीत दोष असल्यास लक्षणे सौम्य, तर दोन्ही प्रतींत असल्यास तीव्र असतात. त्वचेतील पाणी टिकत नाही आणि मृत पेशी गळून पडण्याऐवजी साचून त्यांचे खवले बनतात.

लक्षणे

जन्मतः त्वचा सहसा सामान्य दिसते. लक्षणे बालपणी प्रकट होतात. नडग्यांवर खवले अधिक असतात, मात्र कोपर व गुडघ्यांच्या आतील घड्या बहुधा मोकळ्या राहतात. तळहातांवरील रेषा ठळक दिसतात. अनेक रुग्णांना इसबही असतो. थंड व कोरड्या हवेत त्रास वाढतो, तर उष्ण व दमट हवेत कमी होतो.

त्वचेची निगा

हा विकार समूळ बरा करणारा उपचार नाही. नियमित निगा राखल्यास तो आटोक्यात राहतो. कोमट पाण्याने थोडक्यात स्नान करावे, अंग टॉवेलने टिपावे आणि त्वचा ओलसर असतानाच पेट्रोलियम जेली किंवा जाडसर मलम लावावे. वजरीने किंवा दगडाने घासून खवले काढल्यास त्वचेस इजा होते. युरिया किंवा लॅक्टिक आम्ल असलेली मलमे खवले सैल करतात, परंतु भेगांवर झोंबतात. सॅलिसिलिक आम्ल लहान मुलांच्या अंगावर मोठ्या भागात लावल्यास ते रक्तात शोषले जाऊन विषबाधा होऊ शकते. पेट्रोलियम जेली मुरलेले कपडे लवकर पेट घेतात. त्यामुळे शेगडी व निरांजनापासून दूर राहावे.

प्रौढ वयातील लक्षणे

अशी त्वचा प्रौढ वयात प्रथमच दिसू लागल्यास कारण बहुधा आनुवंशिक नसते. हॉजकिन लिम्फोमा, अवटु ग्रंथीची मंदता, तसेच कुष्ठरोगावरील क्लोफॅझिमिन हे औषध यांमुळेही ती उद्भवते. अशा वेळी वैद्यकीय तपासणी आवश्यक असते.